प्रोटॉक सापडला, पण कुठल्या मशीनचा?

कमिट एकच, सिसरूट (बोर्डच्या फाइलींची बिल्ड मशीनवर ठेवलेली प्रत) एकच, आणि बिल्डचे निकाल मात्र तीन. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर बिल्ड विनातक्रार शेवटपर्यंत जातो. त्याच लॅपटॉपवर कोऱ्या डॉकर कंटेनरमध्ये चालवला, तर लोडरची (प्रोग्राम सुरू करताना त्याच्या लायब्ररी जोडणारी) फाइल उघडता येत नाही म्हणून अडतो. सीआय सर्व्हरवर, म्हणजे प्रत्येक बदलानंतर आपोआप बिल्ड घेणाऱ्या मशीनवर, अडतो तो ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ म्हणत. अशा वेळी संशय आधी सर्व्हरवर जातो: कुठलं तरी पॅकेज राहिलं असेल, ते टाका म्हणजे झालं. या प्रकरणात सर्व्हर खरं बोलत होता आणि लॅपटॉपवरचं यशच खोटं होतं.

मांडणी

सी++मधला प्रकल्प, ६४-बिट आर्म बोर्डसाठी. बोर्डवर डेबियन १२. बिल्ड होतो उबुंटू २२.०४ असलेल्या एक्स८६-६४ मशीनवर, जीसीसी १२चा क्रॉस कंपायलर (एका प्रोसेसरवर चालून दुसऱ्यासाठी प्रोग्राम बनवणारा) वापरून. बिल्डची भाषा सीमेक, तीही उबुंटूच्या भांडारातली, म्हणजे ३.२२.१. खाली प्रत्यक्ष कमांड चालवणारा निन्जा. संदेशांची रचना प्रोटोबफमध्ये (डेटाची मांडणी लिहायच्या गूगलच्या पद्धतीत) लिहिलेली आहे. म्हणजे बिल्डच्या सुरुवातीला ‘प्रोटॉक’ हा बाहेरचा प्रोग्राम चालतो, .प्रोटो फाइल वाचतो आणि सी++चा कोड व हेडर तयार करतो. मग तो कोड बोर्डसाठी कंपाइल होतो.

सिसरूट कसा केला हे इथे महत्त्वाचं आहे. चालत्या बोर्डवरून ‘/लिब’ आणि ‘/यूएसआर’ या डिरेक्टरी आरसिंकने जशाच्या तशा उचलल्या. हा सर्रास वापरला जाणारा मार्ग आहे आणि त्यात वावगं काही नाही. पण बोर्डवर कधी काळी चाचणीसाठी प्रोटोबफ कंपायलरचं पॅकेज टाकलेलं होतं. त्यामुळे सिसरूटच्या ‘/यूएसआर/बिन’मध्ये एक प्रोटॉक आला. आर्मचा, आवृत्ती ३.२१.१२. उबुंटू २२.०४च्या भांडारातून बिल्ड मशीनवर टाकलेला दुसरा प्रोटॉक होताच. एक्स८६चा, आवृत्ती ३.१२.४.

बिल्ड स्क्रिप्टमध्ये शोधाची ओळ एकच होती: फाइंड_प्रोग्राम, त्यात प्रोटॉक_पथ हे चल आणि ‘प्रोटॉक’ हे नाव. सापडला की नाही याची तपासणी होती. सापडला तो चालतो का, याची नव्हती.

एररचा अर्थ

‘एक्झेक फॉरमॅट एरर’ हे कर्नलचं उत्तर आहे, एररनंबर ८. फाइल आहे, चालवायची परवानगीही आहे, पण तिचा साचा मला ओळखता येत नाही, असा त्याचा अर्थ. बॅशसारखं शेल अशा वेळी १२६ हा एक्झिट कोड देतं. १२७ आला तर प्रोग्राम सापडलाच नाही असं समजावं. या दोन आकड्यांतला फरक लक्षात ठेवला तर नको त्या वाटेवरचा अर्धा दिवस वाचतो. १२६ला पॅकेज टाकण्यात अर्थ नाही, कारण प्रोग्राम सापडलेलाच आहे, फक्त चुकीचा.

एक फसवणूक आणखी आहे. काही शेल कर्नलने नकार दिल्यावर ती फाइल स्वतःचीच स्क्रिप्ट समजून वाचायला घेतात. मग लॉगमध्ये ‘सिंटॅक्स एरर, कंस अनपेक्षित’ अशा धर्तीचा मजकूर येतो, आणि माणूस .प्रोटो फाइलमधला चुकलेला कंस शोधत बसतो. बायनरीच्या, म्हणजे कंपाइल झालेल्या प्रोग्रामच्या, नावापुढे ओळ क्रमांक १ आणि सिंटॅक्स एरर दिसला, तर आधी ती बायनरी कुठल्या प्रोसेसरची आहे ते बघा.

बघायला एक कमांड पुरते. ‘फाइल’ कमांडला प्रोटॉकचा पूर्ण मार्ग दिला की ती ‘ईएलएफ ६४-बिट, आर्म एआर्च६४’ किंवा ‘एक्स८६-६४’ असं सरळ सांगते. ‘रीडएल्फ’ एच पर्यायाने चालवलं तरी मशीन या ओळीत तेच दिसतं. अगदी काही नसेल तर फाइलच्या अठराव्या ऑफसेटवरची बाइट पाहावी: हेक्समध्ये बी७ म्हणजे एआर्च६४, ३ई म्हणजे एक्स८६-६४. सीआयवर ती बी७ निघाली. म्हणजे सीमेकने सिसरूटमधला प्रोटॉक उचलला होता.

सीमेकने तो का उचलला

क्रॉस बिल्डमध्ये टूलचेन फाइल सिसरूट कुठे आहे ते सांगते, आणि फाइंड कुळातल्या कमांडनी शोध कुठे घ्यायचा हेही सांगते. त्यासाठी चार चलं आहेत. चौघांची नावं ‘सीमेक_फाइंड_रूट_पाथ_मोड’ने सुरू होतात आणि लायब्ररी, इन्क्लूड, पॅकेज व प्रोग्राम यांनी संपतात. पहिल्या तिघांना ‘ओन्ली’ द्यायचं, म्हणजे शोध फक्त सिसरूटमध्ये. शेवटच्याला ‘नेव्हर’ द्यायचं, म्हणजे सिसरूटकडे ढुंकूनही बघायचं नाही. कारण उघड आहे: लायब्ररी आणि हेडर बोर्डचे हवेत, पण बिल्डच्या वेळी चालवायचे प्रोग्राम बिल्ड मशीनचे हवेत.

या प्रकल्पाच्या टूलचेन फाइलमध्ये पहिल्या तीन ओळी होत्या, चौथी नव्हती. ती नसेल तर सीमेक ‘बोथ’ धरतं: आधी सिसरूटखालच्या जागा, मग खऱ्या जागा. सिसरूटच्या ‘/यूएसआर/बिन’मध्ये प्रोटॉक भेटला आणि शोध तिथेच संपला. बायनरी कुठल्या प्रोसेसरची आहे हे फाइंड_प्रोग्राम तपासत नाही. नाव जुळलं आणि चालवायची परवानगी दिसली की त्याचं काम झालं.

सिसरूटमध्ये प्रोटॉक नसता तर हा दोष वर्षानुवर्षं झाकून राहिला असता. बोर्डवर एक पॅकेज पडलं, सिसरूट नव्याने उचलला, आणि कोडमध्ये एक अक्षरही न बदलता बिल्ड मोडला. म्हणूनच ‘कालपर्यंत चालत होतं’ या वाक्याने इथे तपासाला काडीची मदत होत नाही.

लॅपटॉपवर मग का चाललं?

लॅपटॉपवर क्यूईएमयूचं (दुसऱ्या प्रोसेसरचं अनुकरण करणाऱ्या प्रोग्रामचं) यूझर-मोड पॅकेज बसवलेलं होतं. ते कर्नलच्या बिनफएमटी_मिस्क सोयीत स्वतःची नोंद करतं: एआर्च६४ची बायनरी आली की ती क्यूईएमयूकडे द्या. त्यामुळे आर्मचा प्रोटॉक कर्नलने नाकारला नाही, मुकाट्याने अनुकरणात चालवला. त्याला लागणारा लोडर आणि लायब्ररी मिळाव्यात म्हणून डेव्हलपरने क्यूईएमयू_एलडी_प्रीफिक्स हे एन्व्हायर्नमेंट चल .बॅशआरसीत, म्हणजे शेल सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलीत, सिसरूटकडे वळवून ठेवलं होतं, कुठल्या तरी जुन्या चाचणीसाठी. दोन्ही गोष्टी जमल्या आणि चुकीचा प्रोग्राम बरोबर चालला. वर त्याची आवृत्ती बोर्डच्या लायब्ररीशी तंतोतंत जुळत होती, म्हणून तयार झालेला कोडही निर्दोष. बिल्ड थोडा रेंगाळायचा, एवढीच खूण होती, आणि ती कुणी खूण म्हणून पाहत नाही.

कंटेनरचं कोडंही यातच सुटतं. बिनफएमटी_मिस्कची नोंद कर्नलची असते आणि डॉकर कंटेनर यजमानाचंच कर्नल वापरतो. म्हणजे कंटेनरमध्ये क्यूईएमयूचं नावही नसताना आर्मची बायनरी क्यूईएमयूकडे गेली. पण .बॅशआरसीतलं चल कंटेनरमध्ये पोहोचलं नाही, म्हणून क्यूईएमयूला ‘/लिब/एलडी-लिनक्स-एआर्च६४.एसओ.१’ सापडली नाही. ‘कोऱ्या कंटेनरमध्ये तपासलं’ हा दाखला अशा बाबतीत तोकडा पडतो तो यामुळे.

सीआय सर्व्हरवर क्यूईएमयू नव्हतं. असतं तरी तिथलं शेल इंटरॅक्टिव्ह नसतं. उबुंटूची मूळ .बॅशआरसी अशा शेलमध्ये पहिल्या काही ओळींतच परत फिरते, त्यामुळे तिच्यात खाली लिहिलेलं चल किंवा पाथ (प्रोग्राम शोधायच्या डिरेक्टरींची यादी) सीआयला दिसत नाही.

लॅपटॉपवर सीआयचा दोष उभा करायचा असेल तर क्यूईएमयू काढून टाकायची गरज नाही. ‘/प्रॉक/एसवायएस/एफएस/बिनफएमटी_मिस्क/क्यूईएमयू-एआर्च६४’ या फाइलमध्ये रूट म्हणून ० लिहिला की ती नोंद बंद होते, १ लिहिला की परत सुरू. (वजा १ लिहू नका, त्याने नोंदच पुसली जाते.) नोंद बंद करून बिल्ड चालवताच लॅपटॉपवरही ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ आला.

पहिला उपाय, आणि तो लागू का पडला नाही

टूलचेन फाइलमध्ये चौथी ओळ टाकली: प्रोग्रामसाठी ‘नेव्हर’. बिल्ड पुन्हा चालवला. तीच एरर.

फाइंड_प्रोग्रामचं उत्तर सीमेककॅश.टीएक्सटीमध्ये साठवलं जातं. चलात ‘नॉटफाउंड’ असेल तर पुढच्या वेळी शोध पुन्हा होतो. एकदा मार्ग सापडला की होत नाही, मग पाथ बदला, टूलचेन फाइल बदला किंवा ती बायनरीच उडवून टाका. सीमेक ३.२४पासून जुना कॅश टाकून नव्याने सुरू करणारा ‘फ्रेश’ पर्याय आहे, पण इथे ३.२२ होतं. तेव्हा दोनच मार्ग: बिल्ड डिरेक्टरी पुसणे, किंवा मोठ्या यू पर्यायाने ‘प्रोटॉक_*’ हे चल कॅशमधून काढणे. टूलचेन फाइल बदलली असेल तर डिरेक्टरी पुसलेलीच बरी. कॅशमध्ये आणखी काय काय अडकलंय याचा हिशेब कुणी ठेवलेला नसतो. सीआयवर बिल्ड डिरेक्टरी दोन रनमध्ये जपून ठेवत असाल तर तिथेही तेच करावं लागेल.

शोध कसा चाललाय हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर सीमेकला ‘डीबग-फाइंड’ पर्याय द्या. तो ३.१७पासून आहे. कुठली डिरेक्टरी कुठल्या क्रमाने तपासली ते तो ओळीने छापतो. पसारा मोठा असतो, पण सिसरूटचा मार्ग यादीत वर दिसला की निदान तिथेच होतं.

दुसरा दोष

कॅश पुसल्यावर सीमेकने ‘/यूएसआर/बिन’मधला, म्हणजे बिल्ड मशीनचा प्रोटॉक घेतला. तो चालला, त्याने कोड तयार केला, आणि कंपायलर त्याच कोडच्या पहिल्या पानावर थांबला: ही फाइल प्रोटॉकच्या जुन्या आवृत्तीने तयार केली आहे आणि ती तुमच्या हेडरशी जुळत नाही.

प्रोटोबफने हा सापळा मुद्दाम लावलेला आहे, आणि त्याबद्दल त्यांचे आभार मानावेत. तयार झालेल्या हेडरमध्ये प्रोटॉकची आवृत्ती एका आकड्यात लिहिलेली असते. ३.१२.४ म्हणजे ३०१२००४. सिसरूटमधलं ३.२१.१२चं हेडर किमान ३०२१००० मागतं. आकडा कमी पडला की कंपाइल थांबतो. हा सापळा नसता तर बिल्ड पुढे गेला असता आणि बिघाड बोर्डवर, चालू असताना दिसला असता. ती ‘#एरर’ ओळ हाताने काढणे हा उपाय नव्हे.

लॅपटॉपच्या योगायोगाने एक नाही, दोन दोष झाकले होते ते इथे कळलं. चुकीच्या मशीनचा प्रोटॉक बरोबर आवृत्तीचा होता आणि बरोबर मशीनचा प्रोटॉक चुकीच्या आवृत्तीचा. हवा होता तिसराच: एक्स८६चा, ३.२१.१२.

तो प्रोटोबफच्या अधिकृत प्रकाशनात तयार मिळतो, पण नावात गोंधळ आहे. २०२२पासून प्रकाशनाच्या क्रमांकातून सुरुवातीचा ३ गळला, त्यामुळे झिप फाइलचं नाव ‘प्रोटॉक-२१.१२-लिनक्स-एक्स८६_६४’ असं आहे, आणि आतली बायनरी आवृत्ती विचारल्यावर ‘लिबप्रोटॉक ३.२१.१२’ म्हणते. दोन्ही एकच.

झिपमध्ये ‘बिन’ आणि ‘इन्क्लूड’ अशा दोन डिरेक्टरी असतात. बहुतेक जण फक्त बायनरी उचलून कुठेतरी टाकतात. मग टाइमस्टॅम्पसारखा ठेवणीतला प्रकार आयात करणारी पहिलीच .प्रोटो फाइल ‘गूगल/प्रोटोबफ/टाइमस्टॅम्प.प्रोटो सापडली नाही’ म्हणून अडते. प्रोटॉक या फाइली स्वतःच्या बायनरीच्या जागेवरून, ‘../इन्क्लूड’मध्ये शोधतो. झिप आहे तशीच उलगडा. बायनरीकडे सिमलिंक केली तर मात्र चालते, कारण लिनक्सवर तो स्वतःचा खरा मार्ग ‘/प्रॉक/सेल्फ/ईएक्सई’वरून काढतो.

पाथ्स आणि हिंट्स

नवा प्रोटॉक ‘/ऑप्ट/प्रोटॉक-२१.१२’मध्ये ठेवला आणि फाइंड_प्रोग्रामला ‘पाथ्स’खाली ती जागा सांगितली. सीमेकने तरीही ‘/यूएसआर/बिन’चाच घेतला. पाथ्समधल्या जागा सगळ्यात शेवटी पाहिल्या जातात, पाथ या एन्व्हायर्नमेंट चलाच्याही नंतर. हिंट्समधल्या जागा त्याआधी पाहिल्या जातात. नावं एकमेकांची वाटावीत अशी आहेत, आणि ही चूक जाणत्यांकडूनही होते.

इथे मात्र हिंट्सही पुरेसं नव्हतं. आवृत्ती ठरलेली असताना ‘इथे नसेल तर दुसरीकडून आण’ ही मुभाच नको. म्हणून अंतिम ओळीत चार गोष्टी एकत्र आल्या: हिंट्समध्ये ठरलेली जागा, ‘नो_डिफॉल्ट_पाथ’, ‘नो_सीमेक_फाइंड_रूट_पाथ’ आणि ‘रिक्वायर्ड’. शेवटचा पर्याय ३.१८पासून आहे, सापडला नाही तर कॉन्फिगर तिथेच थांबतो. ही जागा स्क्रिप्टमध्ये कोरलेली नसावी. ती प्रोटॉक_घर अशा एका चलातून यावी, आणि ते चल टूलचेन फाइलमध्ये किंवा सीमेकच्या प्रीसेटमध्ये भरावं.

सापडल्यावर लगेच चालवा

सापडणं, चालणं आणि योग्य असणं या तीन वेगळ्या परीक्षा आहेत. मूळ स्क्रिप्ट पहिलीच घेत होती. दुसऱ्या दोन बिल्डच्या मध्यावर, निन्जाच्या लॉगमध्ये, आपोआप घेतल्या जात होत्या. त्या कॉन्फिगरच्या वेळी आणल्या.

एक्झिक्यूट_प्रोसेसने प्रोटॉक ‘व्हर्जन’ पर्याय देऊन चालवायचा. आउटपुट एका चलात, निकाल दुसऱ्या चलात, शेवटची नवी ओळ कापायला ‘आउटपुट_स्ट्रिप_ट्रेलिंग_व्हाइटस्पेस’. निकाल तपासताना जपावं लागतं. प्रोग्राम चालून अपयशी ठरला तर निकालात आकडा येतो; पण चालूच शकला नाही तर आकडा येत नाही, वर्णन करणारा मजकूर येतो. ‘निकाल शून्याहून मोठा असेल तर थांब’ असं लिहिलं, तर मजकुराची आकड्याशी तुलना खोटी ठरते आणि स्क्रिप्ट बिनधास्त पुढे जाते. नेमका जो दोष पकडायचा तोच निसटतो. ‘निकाल शून्य नसेल तर थांब’ असंच लिहा. किंवा ३.१९पासून असलेला ‘कमांड_एरर_इज_फेटल’ वापरा.

मग आउटपुटमधून आवृत्ती रेग्युलर एक्सप्रेशनने काढा आणि हव्या त्या आवृत्तीशी ‘व्हर्जन_इक्वल’ने ताडून पाहा. साध्या मजकुराची तुलना करू नये. तिच्या लेखी ३.९ ही ३.२१पेक्षा मोठी असते. न जुळल्यास थांबताना संदेशात तीन गोष्टी छापा: सापडलेला पूर्ण मार्ग, त्याने सांगितलेली आवृत्ती, हवी असलेली आवृत्ती. सीमेकचं स्वतःचं प्रोटोबफ शोधणारं मॉड्यूलही अशी तुलना करतं, पण न जुळल्यास फक्त सूचना छापतं, आणि शेकडो ओळींच्या लॉगमध्ये सूचना कोण वाचतो?

सीमेक ३.२५ किंवा त्यापुढचं असेल तर फाइंड_प्रोग्रामला ‘व्हॅलिडेटर’ देता येतो. म्हणजे प्रत्येक उमेदवाराची परीक्षा शोधातच होते आणि नापास झालेला सोडून शोध पुढे जातो. इथे ३.२२ होतं, म्हणून हे सगळं हाताने.

एक शेपूट उरलं. अॅड_कस्टम_कमांडच्या ‘डिपेंड्स’मध्ये .प्रोटो फाइलीबरोबर प्रोटॉकचा मार्गही घालावा, म्हणजे प्रोटॉक बदलला की कोड नव्याने तयार होईल, अशी अपेक्षा. पण अनझिप फाइलींना झिपमधली जुनी तारीख देतं. उद्या याच जागी नवी झिप उलगडली, तर तिची तारीख आधीच्या तयार कोडपेक्षा जुनीच असू शकते, आणि काही बदललं हे निन्जाला कळत नाही. डिरेक्टरीच्या नावात आवृत्ती ठेवली की मार्ग बदलतो, कमांड बदलते, आणि बदललेली कमांड निन्जा पुन्हा चालवतो. ‘/ऑप्ट/प्रोटॉक’ असं सुटसुटीत नाव ठेवायचा मोह इथे आवरावा. आणि ‘व्हर्बॅटिम’ विसरू नये; मार्गात एखादी मोकळी जागा किंवा कंस आला तर शेल त्याचे तुकडे करतं.

हीच गाठ इतरत्र

मेसन या दुसऱ्या बिल्ड साधनात फाइंड_प्रोग्रामला ‘नेटिव्ह: ट्रू’ देऊन हेच सांगता येतं. बोर्डसाठी अख्खं लिनक्स घडवणाऱ्या योक्तोने आणखी कडक मार्ग घेतला आहे: बिल्डचा पाथच आखडून यजमानाचे ठरावीक प्रोग्राम ‘होस्टटूल्स’ डिरेक्टरीत सिमलिंकने दिले जातात, बाकी सगळं ‘-नेटिव्ह’ रेसिपीतून. ऑटोकॉन्फ हे जुनं बिल्ड साधन वापरणाऱ्यांनी शब्दांपासूनच सावध राहावं. तिथे ‘बिल्ड’ म्हणजे जिथे कंपाइल होतं ते मशीन, आणि ‘होस्ट’ म्हणजे जिथे प्रोग्राम चालणार ते, म्हणजे आपला बोर्ड. घरात पाहुणा कोण आणि यजमान कोण, याचाच घोळ.

कोड तयार करणारा प्रोग्राम प्रकल्पाचाच भाग असेल तर शोधाने भागत नाही. अॅड_एक्झिक्यूटेबल त्याची आर्म बायनरी करेल. तो बिल्ड मशीनसाठी वेगळ्या बिल्डमध्ये आधी तयार करावा लागतो. एलएलव्हीएम हा कंपायलर प्रकल्प आपल्या टेबलजेन या कोड तयार करणाऱ्या प्रोग्रामसाठी हेच करतो: क्रॉस बिल्डच्या आत ‘नेटिव्ह’ नावाची एक वेगळी बिल्ड डिरेक्टरी. लिनक्स कर्नलमध्ये हा दोष उलट्या दिशेने भेटतो. क्रॉस बिल्डमधून आलेलं कर्नल हेडरचं पॅकेज बोर्डवर बसवून मॉड्यूल कंपाइल करायला घ्यावं, तर ‘स्क्रिप्ट्स/बेसिक/फिक्सडेप’ हा एक्स८६चा निघतो आणि बोर्ड ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ देतो.

शेवटची खातरजमा

दुरुस्ती झाल्यावर लॅपटॉपवरची तपासणी अशी घेतली: बिनफएमटीची नोंद बंद, बिल्ड डिरेक्टरी पुसलेली, आणि सीमेक ‘एन्व्ह’ला आय पर्याय देऊन, म्हणजे सगळी एन्व्हायर्नमेंट चलं उतरवून, पाथमध्ये फक्त ‘/यूएसआर/बिन’ व ‘/बिन’ ठेवून चालवलेलं. त्यात बिल्ड पूर्ण झाला. मग प्रोटॉक_घर मुद्दाम सिसरूटच्या ‘/यूएसआर’कडे वळवलं. कॉन्फिगर पहिल्याच मिनिटात थांबला आणि आर्मच्या प्रोटॉकचा पूर्ण मार्ग छापून गेला.